शांत खोलीचं वाजतगाजत उद्घाटन

स्तामेन कुजबुजला तरी पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठून बसतात. थट्टा नाही करत, मी त्याच गल्लीत राहते आणि त्यातलं एक कुत्रं माझं आहे. त्याची मुलगी व्हेर्का ऑस्ट्रियात, लिन्झला असते. तिच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे हा अंगणात पाय फाकून उभा राहतो आणि अशी हाळी देतो, की मधे फोन कशाला ठेवलाय असं वाटावं. व्हेर्काच्या सासूच्या पित्ताशयातले खडे असोत, की जावयाचं मुकादमाशी झालेलं भांडण, आख्ख्या गल्लीला तोंडपाठ असतं.

त्याचाही दोष नाही म्हणा. उभी हयात कापड गिरणीत मागावर गेली. तिथे शेजारच्याला ‘डबा आणलास का’ एवढं विचारायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागायचं. गिरणी बंद पडली, माग भंगारात गेले, आवाज तेवढा स्तामेननं घरी आणला. एवढ्यानं भागेना म्हणून तो त्राय्कोच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवतो. आमच्या भागात बँडशिवाय पान हलत नाही. पोरगं जन्मलं, बँड. पोरगं सैन्यात निघालं, बँड. माणूस मेला तरी त्याला कबरीपर्यंत ट्रम्पेट वाजवतच नेतात. एवढ्या आवाजानंही तो उठला नाही म्हणजे खरंच गेला, अशी खात्री झाली की मग पाद्री प्रार्थनेला सुरुवात करतो.

मी इथल्या शाळेत भूगोल शिकवते. म्हणजे ज्या पोरांना पुढेमागे लिन्झ नाहीतर श्टुटगार्टलाच जायचं आहे, त्यांना रस्ता दाखवते. माझं नाव विदोसावा, पण पोरं नुसतं ‘बाई’ म्हणतात आणि स्तामेनही तेच म्हणतो.

तर अशा या माणसाच्या घरात देवानं कुणाला पाठवावं? कालिनाला! व्हेर्काची मुलगी. आईबाप दोघंही पाळ्यांमध्ये काम करणारे, पोरीकडे बघायला कुणी नाही, म्हणून तिला आजोबांकडे ठेवलं. आजी आधीच गेलेली. कालिना म्हणजे काडीपैलवान, डोळे एवढे मोठे, आणि डोक्यात नकाशा. डॅन्यूबला कुठून कुठली नदी मिळते ते ती मला सांगते. पण आवाज झाला की पोरीला दुखतं. घाबरते असं नाही, दुखतं. शाळेची घंटा वाजली, कुणी बाक ओढलं, की ती बाकाखाली शिरणार, कान दाबणार, आणि एका सुरात रडत राहणार. त्या वेळी तिला हात लावायचा नाही. खेळाचे मास्तर रांजेल यांनी तिच्या कानाशी शिट्टी वाजवली आणि वर दंडाला धरून तिला बाकाखालून ओढलं. तिनं त्यांच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. ते दातांचे वण रांजेलमास्तर आठवडाभर सगळ्यांना दाखवत हिंडत होते. आम्ही बघितले, च्यक् च्यक् केलं आणि मनातल्या मनात पोरीला पाचपैकी पाच दिले.

स्तामेननं सगळे उपाय करून पाहिले. आधी म्हणाला, वारं लागलंय. आमच्याकडे माणूस कशानंही आजारी पडो, कारण एकच, समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या राहिल्या होत्या. मग त्यानं भर उन्हाळ्यात खिडक्या बंद केल्या आणि तिच्या कानात आलुबुखाराच्या दारूत भिजवलेले कापसाचे बोळे घातले. पोरीला वासानंच उलटी झाली. मग डोंगरातल्या एका म्हातारीकडे नेलं. ती म्हातारी आजाऱ्याच्या डोक्यावर भांडं धरून पाण्यात वितळलेलं शिसं ओतते आणि आत बसलेली भीती बाहेर काढते. शिसं पाण्यात चर्रकन ओरडलं, त्यावर कालिना ओरडली, आणि म्हातारीच्याच छातीत इतकं धडधडायला लागलं, की तिला साखरपाणी पाजावं लागलं. मग मठात नेलं. ते तरी जत्रेच्या दिवशी! तिथे सगळ्या घंटा एकदम सुरू झाल्या. शेवटी ह्या शहाण्यानं स्वतःचाच शोध लावला. म्हणे, सवय झाली की सगळं सरळ होईल. रोज संध्याकाळी अंगणात ढोल घेऊन बसायला लागला. कालिना कोंबड्यांच्या खुराड्यात शिरली आणि आतून कडी लावून घेतली.

हे सगळं तो मला शाळेच्या फाटकाशी सांगत होता. म्हणजे आख्खी शाळा ऐकत होती.

“बाई, खुराड्यात जाऊन बसली हो! कोंबड्यांच्यात! मी काय एवढा वाईट आहे?”

तेओदोरा तिथून चालली होती, ती थांबली. ही आमच्याकडे नवीनच आलेली, अशा मुलांना कसं शिकवायचं त्याचं रीतसर शिक्षण घेतलेली पोरगी. आम्ही तिला तोवर फारसं मनावर घेतलं नव्हतं, कारण ती कॉफी पीत नसे.

“खुराड्यात काय काय आहे, काका?” तिनं विचारलं.

“काय असणार? अंधार. गवत. कोंबड्यांची ऊब. घाण.”

“घाण सोडून बाकीचं शाळेत आणू या.”

आणि असं ते शांत खोलीचं खूळ आमच्या मानगुटीवर बसलं. मोकळी खोली शाळेत एकच होती, शिक्षकांची कॉफीची खोली. शाळेत सिगारेट ओढायला सक्त मनाई आहे, म्हणून आम्ही ती फक्त त्या खोलीत ओढायचो. सभेत नुसता शिमगा झाला असता, पण तेओदोरा शांतपणे उभी राहिली आणि म्हणाली, “नाहीतर ती मुलगी रांजेलसरांच्या तासाला बसेल.” रांजेलमास्तरांनी सगळ्यात आधी हात वर केला.

मुख्याध्यापक झिवादिन तर एका पायावर तयार. त्यांना खोलीशी काही देणंघेणं नव्हतं, उद्घाटनाशी होतं. त्या माणसानं आजवर नवीन नळाचं आणि दुरुस्त झालेल्या गटाराच्या झाकणाचंही उद्घाटन केलेलं आहे.

खोली तयार केली ती स्तामेननं. तेओदोरा सांगायची, तो करायचा, आणि निम्मं चुकवायचा. भिंतींवरचा वर्षानुवर्षांचा तंबाखूचा पिवळा थर खरवडला. बायकोनं माहेराहून आणलेले जाड लोकरी गालिचे भिंतींना ठोकले, म्हणजे आवाज आतल्या आत जिरेल. मेंढीची लोकर पिंजून वजनदार गोधडी भरली. अंगावर घेतली की कुणी मिठी मारून बसलंय असं वाटतं. तेओदोरानं शहरातून दाणे भरलेली एक भलीमोठी मऊ पिशवी आणली, बसलं की माणूस आत बुडतो, आणि एक काचेची नळी, तिच्यात रंगीत बुडबुडे सावकाश वर जातात. हे सगळं करताना स्तामेन गळा काढून गात होता. शांतता बांधण्याचं काम चाललं होतं तोवर माझ्या वर्गात मला माझाच आवाज ऐकू आला नाही.

खोली झाली आणि पहिल्यांदा तिथे कोण सापडलं? गणिताचे मास्तर! त्या पिशवीत गळ्यापर्यंत बुडून घोरत होते. मग भाषेच्या बाई अर्धा तास गोधडीखाली जाऊन आल्या आणि म्हणाल्या, मला आता नवऱ्याचं काही वाटत नाही. तेओदोरानं एकेकाला दंडाला धरून बाहेर काढलं.

कालिनाला मात्र ती खोली पहिल्याच दिवशी कळली. घंटा व्हायच्या जरा आधी ती उठायची, आत जायची, गोधडी ओढून बुडबुडे बघत बसायची. सगळी धावपळ संपली की बाहेर येऊन गणित सोडवायची. बाकाखाली शिरणं थांबलं, चावणं थांबलं. माझ्या तासाला तिनं एकदा चक्क हात वर केला. मला रडूच आलं, मी फळ्याकडे तोंड फिरवलं आणि उगाच आल्प्स काढत बसले.

पण आत स्तामेनला प्रवेश नव्हता. असं कुणी ठरवलं नव्हतं, कालिनानं ठरवलं होतं. दुपारी तो न्यायला आला आणि दारात नुसता दिसला, की ती आतून दार लोटून घ्यायची. आपल्याच हातांनी ठोकलेल्या गालिच्यांना तो बाहेरून, दाराच्या फटीतून बघायचा.

मोठ्या शहरातून, नीशहून, समितीच्या बाई आल्या, तेव्हा हेच त्यांच्या डोळ्यांवर आलं. कालिनानं याच शाळेत शिकायचं, की नीशला अशा मुलांच्या वसतिगृहात जायचं, हे त्या ठरवणार होत्या. बाई वाईट नव्हत्या हो. वाईट असत्या तर शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. त्यांनी स्तामेनला माझ्याच वर्गात लहान पोरांच्या बाकावर बसवलं. त्याचे गुडघे हनुवटीला लागत होते.

“शाळेत ती छान सावरते,” त्या म्हणाल्या. “पण शाळा दुपारी सुटते. घरी घाबरली तर कुणाकडे जाते?”

स्तामेननं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

“खुराड्यात,” तो म्हणाला.

“तुमच्याकडे नाही येत?”

“माझ्यापासूनच तर पळते, बाई!” हे तो ओरडलाच, आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

“हे बघा आजोबा, घाबरलं की ज्याच्याकडे पळत जावं, असं एक माणूस मुलाला लागतं. तुम्ही तिच्यावर जीव टाकता, मला दिसतंय. पण ती तुमच्यापासून पळत असेल, तर वसतिगृहात निदान ह्यातली माहीतगार माणसं आहेत. मी उद्घाटनाला येईन, पुन्हा बघेन, मग ठरवू.”

त्या गेल्यावर तो बाकातून उठेना. मला वाटलं अडकलाय. मी हात द्यायला गेले तर ढसाढसा रडत होता. “तीही गेली तर मी त्या घरात कुणावर ओरडू, बाई?” म्हणाला.

त्या दिवसापासून मी त्याला हळू बोलायला शिकवायला घेतलं. रोज संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात. मिरच्यांचा हंगाम होता, गावभर लाल मिरच्या भाजल्याचा वास, मी ऐवारासाठी, म्हणजे हिवाळ्याच्या चटणीसाठी, मिरच्या सोलतेय आणि समोर हा.

“हळू.”

“हळूच तर बोलतोय!”

“काका, कपाटातले ग्लास हलतायत.”

“मग ग्लास दुसरीकडे ठेवा ना!”

पण गडी चिकाटीचा. बुटांऐवजी घरात लोकरी मोजे घालून चालायला लागला आणि दोनदा जिन्यावरून घसरला. लिन्झचा फोन शेतात जाऊन करायला लागला. भांडी घासताना पाण्याखाली हात बुडवून, एकेक चमचा बाळासारखा बाहेर काढायचा. कोंबड्यांनाही ओरडायचा थांबला, तर त्यांनी अंडीच द्यायची बंद केली. घरी आल्यावर कालिना अजून लांबच बसायची, पण खुराड्यात जात नव्हती. स्वयंपाकघराच्या दाराशी बसायची. तो मला हे सांगायला आला तेव्हा त्याचा आवाज खरंच हळू होता आणि त्याला ते कळलंही नाही.

आणि अशा वेळी झिवादिनसाहेबांना बँड सुचला.

“नगराध्यक्ष येणार, नीशची समिती येणार, आणि आपण काय करायचं? मुक्यानं फीत कापायची? लोक म्हणतील शाळेत कुणी गेलं!”

“कुणी गेलं तरी वाजवतातच,” मी म्हटलं.

“तेच सांगतोय! मग उद्घाटनाला नको?”

तेओदोरा समजावून दमली. साहेब, ही खोली आवाजापासून सुटका मिळावी म्हणून आहे. साहेब म्हणाले, खोली आत आहे, बँड बाहेर वाजेल, तेवढं कळतं मला. त्यांनी स्तामेनला मधल्या व्हरांड्यात गाठलं.

“त्राय्कोला सांग, शुक्रवारी दहा वाजता. आणि तुझा ढोल पाहिजे.”

“नाही जमणार, कूम.”

आता हे कूम प्रकरण. झिवादिन हा व्हेर्काच्या लग्नात साक्षीदार म्हणून उभा राहिलेला, कालिनाला बारशाला हातात धरलेला. असा माणूस म्हणजे आमच्याकडे कूम. भावाला नाही म्हणता येतं, पाद्र्याला नाही म्हणता येतं, बायकोला तर रोजच म्हणतात. कूमला नाही म्हणायचं नसतं. म्हटलं तर सात पिढ्या लोक नाव काढतात, आणि चांगलं नाही काढत.

“काय म्हणालास?” झिवादिनचा चेहरा लालबुंद झाला.

“अरे, पोर माझी…”

“तुझी? बारशाला कुणी धरली होती? माझ्या बाहीवर ओकली होती ती! माझी कुणी नाही का लागत? मी तिचं वाईट करीन? नगराध्यक्षांनी त्या खोलीला मदत केली, त्यांना एक गाणं नको? एकच रे! हळू आवाजात!”

ट्रम्पेटवर हळू आवाजातलं गाणं नसतं. हे त्या दोघांनाही माहीत होतं. पण स्तामेनची मान खाली गेली आणि तो म्हणाला, “बरं, कूम.”

मी त्याला जाम झापलं. तो ऐकून घेत राहिला आणि मग म्हणाला, “बाई, नाही म्हटलं असतं तर कूम उद्घाटनाला माझ्याशी बोलला नसता. समितीच्या बाईंना वाटलं असतं, ह्या माणसाचं गावात कुणाशीच पटत नाही.” हे खरं होतं, म्हणून मी आणखी चिडले.

तोडगा त्राय्कोनं काढला. प्रत्येक ट्रम्पेटच्या तोंडात भांडी पुसायचं फडकं कोंबायचं. ढोलाला गोधडी बांधायची. तालीम माझ्या भावाच्या मिरचीच्या शेतात झाली. काय सांगू! बद्धकोष्ठ झालेली गाय आणि तिच्या मागे उभं राहून उसासे टाकणारं कुटुंब. वाजवणारे स्वतःच हसून गडबडा लोळले. पण आवाज बांधापलीकडे जात नव्हता, आणि स्तामेन समाधानानं घरी गेला.

शुक्रवारी सकाळी झिवादिननं शांत खोलीला कुलूप लावलं आणि दारावर लाल फीत बांधली. कालिना रोज तिथे जात होती, पण उद्घाटन झाल्याशिवाय खोली झाली असं कुठे होतं? “आत्ता आत कुणी जायचं नाही, फीत चुरगळते,” असं त्यांनी तेओदोराला बजावलं. तेओदोरानं भांडून कुलूप काढायला लावलं, फीत मात्र राहिली. कालिनाला मी माझ्या वर्गात ठेवून घेतलं. वर्ग व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, दार लावलेलं, आम्ही दोघी नद्या रंगवत होतो.

दाराच्या काचेतून मला सगळं दिसत होतं. नगराध्यक्ष आले, पोटावर कोटाची गुंडी कशीबशी तग धरून. समितीच्या बाई भिंतीला लागून उभ्या राहिल्या. भाषण झालं. त्यात रस्ता होता, गटार होतं, युरोप होता, आणि शेवटी ‘आपली लाडकी मुलं’ होती. त्राय्कोनं खूण केली आणि फडकी कोंबलेला बँड हुंकारायला लागला. ढोल गोधडीखाली धप्, धप् करत होता. कालिनानं मान वर केली, ऐकलं, आणि पुन्हा निळा रंग घेतला. माझा जीव भांड्यात पडला.

आणि नगराध्यक्षांचा चेहरा पडला. “हे काय चाललंय? मला शवपेटीत ठेवलंय का?” म्हणाले. आमचा माणूस बँडवर खूश असो की नाराज, एकच गोष्ट करतो. त्यांनी खिशातून नोट काढली, जिभेनं ओली केली आणि त्राय्कोच्या कपाळावर थापकन चिकटवली.

आता कपाळावर नोट चिकटली, की आमचा बँडवाला माणूस राहत नाही. त्राय्कोच्या हाताला काय कळणार शांत खोली? हात आपोआप गेला, फडकं उपटलं, फेकलं. बाकीच्यांनीही उपटली. फडकी हवेत उडाली, एक नगराध्यक्षांच्या खांद्यावर पडलं, आणि सगळे ट्रम्पेट त्या अरुंद व्हरांड्यात एकदम फुटले. स्तामेनच्या कपाळावरही नोट आली. त्यानं गोधडी ओढून टाकली, डोळे मिटले आणि ढोलावर अशी काही थाप घातली, की माझ्या वर्गातला पृथ्वीचा गोल कपाटावरून खाली आला. हो, त्यानंच. शपथेवर सांगते. शहाण्यानं संध्याकाळच्या संध्याकाळ माझ्या स्वयंपाकघरात घालवल्या होत्या, आणि एका नोटेत सगळं गेलं!

कालिना किंचाळली आणि दार उघडून सुटली. मी मागे. ती आपल्या खोलीकडे धावत होती, आणि दुसरीकडे कुठे धावणार? पण दारासमोर माणसांच्या पाठी, माणसांच्या पलीकडे बँड, आणि बँडच्या मागे ती फीत. पोर मधेच अडकली. जमिनीवर गोळा होऊन पडली, कान दाबून, आणि तो एकसुरी रडण्याचा आवाज आम्हाला नुसता दिसत होता, ऐकू येत नव्हता.

स्तामेननं डोळे उघडले ते तेव्हा. हातातला दांडा तसाच राहिला. मग त्यानं ओरडून बघितलं, “थांबा! अरे थांबा!” गावातला सगळ्यात मोठा आवाज, आणि त्या गोंधळात कुणालाच ऐकू गेला नाही. तेव्हा तो ढोल पोटावर घेऊनच पुढे घुसला. झिवादिन एका बाजूला, नगराध्यक्ष दुसऱ्या बाजूला, ट्रम्पेटवाले एकमेकांवर. वाट झाल्यावर त्यानं मागे वळून ढोलासकट दारालाच धडक दिली. फीत तुटून ढोलाभोवती गुंडाळली गेली, दार उघडलं. कालिना त्याच्या पायांमधून आत गेली आणि दार बंद झालं.

बँड एकेक करून थांबला. शेवटचा एक बिचारा डोळे मिटून वाजवत होता, त्याला कोपरखळी मारावी लागली.

“कूम,” झिवादिन म्हणाला, “फीत अजून कापायची होती रे.”

स्तामेन भिंतीवरून घसरत खाली बसला. ढोल पोटावर, त्याभोवती लाल फीत, कपाळावर नोट. त्याचे हात थरथरायला लागले, मग खांदे, मग सगळं अंगच. दात वाजत होते. त्याची नजर समितीच्या बाईंकडे गेली आणि तिथेच राहिली.

“मीच वाजवला,” तो म्हणाला. “बघितलंत ना. मीच.”

बाईंच्या हातात पेन होतं. “बघितलं,” त्या म्हणाल्या.

मला त्या क्षणी त्याला बदडावंसंही वाटत होतं आणि जवळही घ्यावंसं वाटत होतं. मी काहीच केलं नाही. कुणीच केलं नाही. तेओदोरानं तोंडावर बोट ठेवलं होतं, त्याची गरजही नव्हती. बऱ्याच वेळानं खोलीचं दार जरासं उघडलं.

कालिना बाहेर आली. चेहरा रडून सुजलेला, केस गालिच्याची लोकर लागून पांढरे झालेले. तिनं नगराध्यक्षांकडे पाहिलं नाही, कुणाकडेच पाहिलं नाही. ती आजोबांसमोर उकिडवी बसली आणि त्याचे थरथरणारे हात बघत राहिली, एखादं ओळखीचं काहीतरी बघावं तसं. मग तिनं ढोलाचा पट्टा सोडला. ढोल दोन्ही हातांनी उचलून, अजिबात आवाज न करता बाजूला ठेवला. कपाळावरची नोट काढून त्राय्कोच्या हातात दिली. आणि आजोबांची बाही धरून ओढली.

“चल,” म्हणाली.

तो उठला. पोरीच्या मागे मान खाली घालून आत गेला. दार अर्धवट उघडं होतं म्हणून आम्हाला दिसलं. तिनं त्याला पिशवीत बसवलं, तो बुडाला. तिनं ती वजनदार गोधडी ओढत आणली आणि त्याच्या अंगावर घातली, कडा नीट आत खोचल्या. त्याचे बूट काढले. दिवा मंद केला. ‘हे बघत बस’ असं म्हणून त्याचं तोंड बुडबुड्यांच्या नळीकडे वळवलं. मग ती बाहेर आली, दार हलकेच लावून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

नगराध्यक्षांना राहवेना. हातात अजून कात्री होती. “आता आत जाऊन बघू या का?” त्यांनी विचारलं.

“श्श!” कालिना म्हणाली. परक्या माणसाशी ती त्या दिवशी पहिल्यांदा बोलली. “आजोबांना आत्ता आवाज नकोय. ते बरे झाले की मी सांगते.”

समितीच्या बाईंनी पेनाला टोपण लावलं, पर्स उचलली आणि तिच्याशेजारी खाली जमिनीवर बसल्या. म्हणाल्या, “थांबते मी.”